रक्ताच्या नळीपासून गोशे पेशीपर्यंत: मॅक्रोफेजवरील संशोधनाची सुरुवात कशी करावी

१८८२ साली पॅरिसमध्ये वैद्यकीय पदवीचा प्रबंध लिहिताना फिलिप गोशे यांनी ३२ वर्षांच्या एका स्त्रीच्या वाढलेल्या प्लीहेत, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात त्या अवयवात, फुगलेल्या मोठमोठ्या पेशी पाहिल्या आणि हा अर्बुदाचा प्रकार असावा असा अंदाज बांधला. त्या कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. आयुष्य संपलेल्या रक्तपेशी गिळून त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या त्या मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी होत्या, आणि गिळलेल्यातील एक मेद त्यांना पचवता येत नव्हता. तो न पचण्याचे कारण ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराची कमतरता हे आहे, असे अमेरिकेत रॉस्को ब्रेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले तेव्हा १९६५ साल उजाडले होते.

दरम्यान १९५५ साली बेल्जियममधील क्रिस्तियाँ द दुव यांच्या कामातून लायसोसोम, अर्थात शाळेच्या पुस्तकातली लयकारिका, पेशीची पचनाची पिशवी, ओळखली गेली होती आणि १९६३ मध्ये त्याच देशातील हेन्री-जेरी हेर्स यांनी पाँपे आजाराचा संबंध लायसोसोममधील एका विकराच्या अभावाशी जोडला होता. लायसोसोममधील साठवणुकीचे आनुवंशिक आजार ही संकल्पना तेथून रुजली. आज अशा आजारांची संख्या पन्नासच्या वर आहे. प्रतिकारपेशींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांपैकी गोशे आजारापासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते, कारण या आजारात मुख्यतः बिघडते ती पेशीच प्रतिकारसंस्थेची आहे आणि तिची पूर्वज पेशी, मोनोसाइट, रक्ताच्या साध्या नमुन्यातून मिळते.

मात्र ही सोयच पहिली फसगत करते. रक्तातून आलेली मोनोसाइट ही गोशे पेशी नसते. ती अजून उतींमध्ये शिरलेली नसते, तिने फारसे काही गिळलेले नसते, त्यामुळे तिच्यात साठाही नगण्य असतो. म्हणून या कामाच्या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवावा: या पेशीने आतापर्यंत काय खाल्ले आहे?

रक्त घेण्यापूर्वी

सर्वप्रथम संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. भारतात या बाबतीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. रुग्ण अनेकदा लहान मूल असते. तेव्हा पालकांच्या संमतीबरोबरच समजण्याच्या वयाच्या मुलाचा होकारही घ्यावा लागतो. संमतिपत्र मराठी असणे पुरेसे नाही, ते बोलीत समजावून सांगावे. 'तुमच्या मुलाच्या रक्तातील पेशी आम्ही प्रयोगशाळेत काही दिवस वाढवू. त्यातून त्याच्या उपचारात लगेच काही बदल होणार नाही' हे वाक्य आईवडिलांना ऐकू जाईल असे म्हणावे आणि त्यानंतर थोडे थांबावे. प्रश्न येतात ते त्या थांबण्यातच.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. हा आजार अलिंगसूत्री अप्रभावी पद्धतीने येतो. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात मूल बाधित असण्याची शक्यता चारात एक असते. तुलनेसाठी भावंडांचे रक्त घेतले तर कोण वाहक आहे हे तुम्हाला कळेल. ते कुटुंबाला सांगायचे की नाही, कोणी सांगायचे, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत ते कधी सांगायचे, याचे उत्तर रक्त घेण्याआधी लेखी असावे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत आहे आणि अशा नात्यात एकच दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. पण वंशावळ काढताना हा विषय दोषारोप वाटणार नाही अशा शब्दांत काढावा. कुटुंबाला आनुवंशिकतेविषयीचे समुपदेशन मिळाले आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आधी जाणून घ्यावे.

नोंदवहीत पुढील बाबी रक्ताच्या दिवशीच उतरवाव्यात, नंतर त्या मिळत नाहीत: रुग्णाचे वय, जनुकातील बदल, प्लीहा काढली आहे का, अलीकडे ताप किंवा संसर्ग झाला होता का, रक्त चढवले आहे का, आणि विकराचे इंजेक्शन चालू असल्यास शेवटची मात्रा कोणत्या तारखेला दिली. हे विकर साधारणपणे दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. पुढची मात्रा देण्याच्या लगेच आधी, त्याच सुईतून, संशोधनाची नळी भरून घेतली तर मुलाला दुसऱ्यांदा टोचावे लागत नाही आणि बाहेरून दिलेल्या विकराचा अंशही कमीत कमी राहतो.

किती रक्त लागेल, याचा हिशेब मांडून पाहावा. निरोगी प्रौढाच्या एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख एककेंद्रकी पांढऱ्या पेशी हाती लागतात आणि त्यांतील दहा ते वीस टक्के मोनोसाइट असतात. म्हणजे २० मिलिलिटरमधून २० ते ४० लाख मोनोसाइट, तेही हात बसलेला असेल तर. गोशे रुग्णाच्या रक्तात सर्वच पेशींची संख्या घटलेली असू शकते, आणि लहान मुलाकडून २० मिलिलिटर मागणे योग्य नाही. त्यामुळे प्रयोगाचा आवाका नळीच्या आकारावरून ठरवावा.

पेशी वेगळ्या करणे

रक्त हेपॅरिन किंवा ईडीटीए या गोठण रोखणाऱ्या द्रव्याच्या नळीत घ्यावे आणि शक्य तितक्या लवकर हाताळावे. ते समभाग क्षारद्रावणात पातळ करून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर, म्हणजे पेशींना घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर, अलगद सोडावे. येथे घाई करू नये. पिपेटचे टोक नळीच्या भिंतीला टेकवून रक्त ओघळू द्यावे, म्हणजे दोन थर मिसळत नाहीत. खोलीच्या तापमानाला, ४०० जी वेगाने, ३० मिनिटे, ब्रेक बंद ठेवून सेंट्रिफ्यूज फिरवावा. ब्रेक चालू राहिला तर थांबताना बसणाऱ्या हिसक्याने थर विस्कटतो. नळी बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी आणि मधोमध सायीसारखी पांढरट कडी दिसते. ती कडी हळूच उचलून धुऊन घ्यावी. प्लाझ्मा टाकून देऊ नये, तो लहान नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

मोनोसाइट वेगळ्या करण्यासाठी सीडी१४ या खुणेवर चिकटणारे चुंबकीय मणी वापरता येतात. मण्यांचा खर्च परवडत नसेल तर पेशी प्लास्टिकच्या तबकडीला एक-दोन तास चिकटू देऊन न चिकटलेल्या धुऊन काढाव्यात. शुद्धता कमी मिळते, पण शिकण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. त्यानंतर एम-सीएसएफ हा वाढकारक घटक ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात देऊन सहा-सात दिवस संवर्धन केले की मोनोसाइट पसरट होऊन मॅक्रोफेजचे रूप घेतात. रुग्णाच्या व निरोगी व्यक्तीच्या पेशी एकाच दिवशी, एकाच बाटलीतील माध्यमात, एकाच सीरमच्या खेपेत वाढवाव्यात. सीरममध्येही मेद असतो. खेप बदलली तर पेशींचे जेवण बदलले असे समजावे.

विकराची मोजणी

ही मोजणी दिसायला सोपी आहे. पेशी फोडून त्यांत ४-मिथाइलअंबेलिफेरिल ग्लुकोपायरॅनोसाइड हे कृत्रिम द्रव्य घालायचे, विकराने ते तोडले की मोकळे होणारे द्रव्य क्षारीय द्रावणात निळे चकाकते, आणि ती चकाकी सुमारे ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ४४५ च्या आसपास मोजायची. अभिक्रिया आम्लधर्मी, साधारण ५.४ ते ५.५ सामूच्या द्रावणात, सोडियम टॉरोकोलेट या पित्तक्षाराच्या उपस्थितीत ३७ अंशांवर होऊ द्यावी, आणि ठरलेल्या वेळी ग्लायसिनच्या क्षारीय द्रावणाने थांबवावी. निकाल 'ताशी, प्रति मिलिग्रॅम प्रथिन, इतके नॅनोमोल' असा लिहावा.

अवघड भाग आकड्याचा अर्थ लावण्याचा आहे. पेशीत हेच द्रव्य तोडणारे आणखी एक विकर असते, जीबीए२ नावाचे, आणि ते लायसोसोममधले नाही. टॉरोकोलेट त्याला बऱ्याच अंशी दाबते, तरी शंका राहू नये म्हणून प्रत्येक नमुन्याचा एक जोडनमुना कॉन्ड्युरिटॉल बी इपॉक्साइड घालून लावावा. हे द्रव्य ग्लुकोसेरेब्रोसिडेज कायमचे निकामी करते. त्याच्या उपस्थितीतही जी चकाकी उरते ती वजा करावी. मात्रा जास्त झाली तर हे द्रव्य इतर विकरांनाही धरते, म्हणून ती निरोगी पेशींवर आधी पडताळून घ्यावी.

दुसरी गोष्ट मी अनुभवाने शिकलो. एकदा भर मे महिन्यात बाहेरगावाहून आलेल्या एका नमुन्यात विकराची पातळी जवळजवळ शून्य निघाली. मुलाची पाणथरी वाढलेली होती, प्लेटलेट कमी होते, निदान समोर दिसत होते. केवळ सवय म्हणून त्याच नमुन्यात बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजले होते. तेही तळाला गेलेले. बर्फ वाटेतच वितळला होता आणि पेशी उन्हात शिजल्या होत्या. पुन्हा मागवलेल्या रक्तात ग्लुकोसेरेब्रोसिडेज व्यवस्थित निघाले. तेव्हापासून दुसऱ्या एखाद्या नाजूक लायसोसोमल विकराची मोजणी केल्याशिवाय मी कोणत्याही कमी आकड्यावर सही केलेली नाही, आणि आपणही करू नये.

बाधितांमध्ये विकराची पातळी बहुधा सामान्य सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असते. वाहकांमध्ये ती निम्म्याजवळ असली तरी निरोगी व्यक्तींच्या आकड्यांत इतकी मिसळते की केवळ विकरावरून वाहक ओळखू नये. उलट प्रकारही लक्षात ठेवावा: सॅपोसिन सी हे साहाय्यक प्रथिन नसलेल्या अतिदुर्मीळ रुग्णांत आजार गोशेसारखाच दिसतो, पण नळीत टॉरोकोलेट त्या प्रथिनाची उणीव भरून काढत असल्याने मोजणी सामान्य येते.

जनुकाच्या बाबतीत एवढे सांगणे पुरे की पहिल्या गुणसूत्रावरील जीबीए१ च्या, म्हणजे ग्लुकोसेरेब्रोसिडेजच्या जनुकाच्या, शेजारी त्याच्यासारखेच दिसणारे एक निष्क्रिय जनुक बसलेले आहे. भारतीय रुग्णांत वारंवार आढळणारा एल४४४पी हा बदल त्या निष्क्रिय जनुकात मुळातच असतो. त्यामुळे आखूड तुकडे वाचून निष्कर्ष काढू नये. खऱ्या जनुकाचा लांब तुकडा स्वतंत्रपणे वाढवून मग वाचावा.

पेशीला खाऊ घालणे

आता मूळ प्रश्नाकडे यावे. सहा दिवस माध्यमात वाढलेली रुग्णाची मॅक्रोफेज विकराने दुबळी असते, पण तिच्यात साठा दिसेलच असे नाही, कारण तिच्या पुढ्यात पचवण्याजोगे काही आलेलेच नाही. शरीरात प्लीहेतील मॅक्रोफेज अहोरात्र जुन्या लाल पेशी गिळत असते आणि त्यांच्या आवरणातूनच तिला हा मेद मिळतो. तेच जेवण तबकडीत वाढावे लागते.

निरोगी दात्याच्या लाल पेशी अतिशय पातळ फॉस्फेट द्रावणात टाकल्या की त्या फुगून फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर पडते. वारंवार धुतल्यावर उरते ते नुसते आवरण, त्यालाच प्रयोगशाळेत 'घोस्ट' म्हणतात. ही आवरणे फिकी होईपर्यंत धुवावीत. लालसर राहिली तर हिमोग्लोबिन व लोह यांचा परिणाम मेदाच्या परिणामात मिसळतो. आवरणांवर प्रतिपिंडाचा थर दिल्यास मॅक्रोफेज ती अधिक जोमाने गिळते. मात्र तो थर स्वतःच पेशीला चेतवतो, हे तुलनेत धरावे. काही तास जेवू दिल्यावर न गिळलेली आवरणे धुऊन काढावीत आणि मग पेशींना काही दिवस तसेच ठेवावे. हे काही दिवसच महत्त्वाचे असतात. गिळल्यावर लगेच पाहिले तर निरोगी व रुग्ण दोघांच्याही पेशी भरलेल्या दिसतात. निरोगी पेशी पुढे रिकामी होत जाते आणि रुग्णाची भरलेलीच राहते. आजार त्या फरकात दिसतो.

अस्थिमज्जेची काच एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, म्हणजे आपण तबकडीत कशाची नक्कल करतो आहोत हे कळते. गोशे पेशी वीस ते शंभर मायक्रोमीटरपर्यंत मोठी असते. केंद्रक कडेला ढकललेले असते, आणि सगळा पेशीद्रव पतंगाचा कागद मुठीत चुरगाळून पुन्हा अर्धवट उलगडावा तसा रेघारेघांचा दिसतो. पण नेमक्या अशाच पेशी जुनाट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातही दिसतात. तिथे विकर शाबूत असते. मरणाऱ्या पेशींचा लोंढाच इतका मोठा असतो की निरोगी मॅक्रोफेजलाही तो आवरत नाही. नुसत्या दिसण्यावरून गोशेचे निदान करू नये हा नियम यातूनच येतो, आणि पेशी काय खाते व किती खाते याला विकराइतकेच महत्त्व का आहे हेही यातूनच कळते.

याच टप्प्यावर उपचाराचाही अभ्यास करता येतो. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर मॅनोज या शर्करेला पकडणारा ग्राही असतो. मानवी वारेतून काढलेल्या विकरावरील शर्करेची टोके छाटून मॅनोज उघडे केले की ते या ग्राहीमार्गे आत शिरते. या युक्तीवर आधारलेल्या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली आणि पुढे १९९४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तयार केलेले विकर आले. तुमच्या पेशीत बाहेरून दिलेले विकर शिरते का हे पाहायचे असेल, तर आधी सीडी२०६, म्हणजे हाच मॅनोज पकडणारा ग्राही, त्या पेशींवर आहे याची खात्री करावी आणि एका तबकडीत मॅनन, म्हणजे मॅनोजची लांब साखळी, घालून ग्राहीची वाट अडवून दाखवावी. अडवल्यावरही विकर तितकेच आत शिरत असेल तर ते दुसऱ्या वाटेने जाते आहे.

दाह आणि इतर प्रतिकारपेशी

साठा झाला म्हणून पेशी फक्त फुगून बसत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊतींच्या अभ्यासात असे दिसले की खुद्द गोशे पेशी दाह शमवणाऱ्या मॅक्रोफेजच्या खुणा बाळगते, तर दाह वाढवणाऱ्या पेशी तिच्या भोवताली असतात. म्हणून 'गोशे मॅक्रोफेज दाहकारक आहे की नाही' असा सरधोपट प्रश्न विचारू नये. कोणती पेशी, कुठली, किती भरलेली, हे आधी ठरवावे. २०१७ साली उंदरांवरील आणि रुग्णांच्या पेशींवरील कामातून असे पुढे आले की साठलेल्या मेदाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, त्यांतून पूरक प्रथिनांचा, म्हणजे प्रतिपिंडांना साथ देणाऱ्या रक्तातील प्रथिनांचा, सी५ए हा तुकडा सुटतो आणि तो साठा व दाह दोन्ही वाढवतो. त्याआधी, २०१५ मध्ये, याच मेदांना ओळखणाऱ्या नैसर्गिक मारक टी पेशींचा एक गट रुग्णांत आढळला होता, जो बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला साहाय्य करतो. गोशे रुग्णांत मायलोमाचे, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे, प्रमाण का वाढते याचा एक धागा येथे हाती लागतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत विचार करायला लावणारे काम हेच आहे.

सायटोकाइन, म्हणजे इंटरल्यूकिनसारखी पेशींमधले निरोप नेणारी प्रथिने, मोजण्याआधी एक चाचणी चुकवू नये. आवरणे तयार करताना जिवाणूंचे एंडोटॉक्सिन शिरले असेल तर निरोगी मॅक्रोफेजही इंटरल्यूकिन सोडू लागते आणि आपण त्याला आजाराचा दाह समजतो. प्रत्येक खेपेची एंडोटॉक्सिन चाचणी करून तिचा आकडा निकालासोबत द्यावा.

बाजूला ठेवलेला प्लाझ्मा आता काढावा. गोशे पेशी कायटोट्रायोसिडेज हे विकर मोठ्या प्रमाणात सोडते. उपचार न घेतलेल्या रुग्णात ते सामान्याच्या शेकडो पट असते आणि उपचाराने उतरते. मात्र काही व्यक्तींच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत २४ अक्षरांची पुनरावृत्ती असल्याने हे विकर त्यांच्यात तयारच होत नाही, आणि आशियातील अनेक लोकसमूहांत ही पुनरावृत्ती युरोपपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे शून्य आकडा आला तर 'साठा नाही' असे लिहू नये. सीसीएल१८ हे गोशे पेशी सोडत असलेले दुसरे प्रथिन किंवा ग्लुकोसिलस्फिंगोसिन हा या आजारात साठणारा मेद मोजून पाहावा.

निकाल लिहिताना

एका रुग्णाच्या पेशी बारा खळग्यांत वाढवल्या म्हणून बारा निरीक्षणे होत नाहीत. निरीक्षण एकच, कारण माणूस एकच. खळग्यांची सरासरी काढून प्रत्येक व्यक्तीचा एक बिंदू आलेखावर मांडावा आणि तो बिंदू लपवू नये, मग तुमच्याकडे असे चारच बिंदू का असेनात. दुर्मीळ आजारात संख्या लहानच असते. ती आहे तेवढीच दाखवावी. प्लीहा काढलेले, उपचार घेणारे आणि न घेणारे यांचे बिंदू वेगवेगळ्या खुणांनी दाखवावेत.

संशोधनातील आकडा निदानासाठी वापरू नये. एखाद्या भावंडात अनपेक्षितपणे विकर फार कमी निघाले, तर आधी ठरलेल्या लेखी पद्धतीनुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे आणि नव्या रक्तावर मान्यताप्राप्त निदान प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. निदान पक्के झाल्यास कुटुंबाला दुर्मीळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाची माहिती मिळेल असे पाहावे. या धोरणाखाली नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. विकराचे उपचार आयुष्यभर चालतात आणि रुग्णाच्या वजनासोबत मात्राही वाढते, त्यामुळे ही रक्कम पुरेलच असे नाही, हेही स्पष्ट सांगावे.

उरलेल्या पेशी गोठवताना नळीवर रुग्णाचे नाव लिहू नये, संकेतांक लिहावा. संकेतांकाखाली गोठवल्याची तारीख, शेवटच्या इंजेक्शनपासून किती दिवस झाले तो आकडा, सीरमची खेप आणि पेशींना आवरणे खाऊ घातली आहेत की नाही, एवढे पुसले न जाणाऱ्या शाईने लिहून मगच ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडावी.